चिंचेखालचा रविवार

रायपूरला बघण्यासारखं काय आहे, असं जाण्यापूर्वी मला सगळ्यांनी विचारलं. परत आल्यावर कुणीच विचारलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी नगरची, साळवेबाई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे रायपूर नकाशात कुठे आहे हे मी असंख्य मुलांना छडीने दाखवलेलं होतं, स्वतः मात्र नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या मनात आलं की घरात मारहाण झालेल्या मुलांसाठी आपण काहीतरी करावं. काहीतरी म्हणजे काय, यावर बैठका होत राहिल्या. चहा होत राहिला. अखेर कुणीतरी म्हणालं, रायपूरच्या एका चर्चच्या मंडळीतल्या बायका हे काम बरेच दिवस करतात, तर कुणीतरी जाऊन पाहून यावं. जिचे गुडघे दुखत नाहीत, जिच्या सुनेचं बाळंतपण नाही आणि जी दुपारी झोपत नाही अशी एकच बाई निघाली, ती मी.

तात्यापारा

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि शहराला अजून त्याची सवय व्हायची होती. पानठेल्याचं नाव राजधानी, लाँड्रीचं नाव राजधानी, सायकलींची पंक्चरं काढणाऱ्याने झाडाला टांगलेल्या पाटीवरही राजधानी. लाल दिव्याची गाडी गल्लीत शिरायची आणि समोर गाय बसलेली असायची. दोघांपैकी कुणी हलायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. बहुतेक वेळा गाडी मागे जायची.

माझी उतरायची सोय तात्यापाऱ्यात एका मराठी घरी केली होती. पारा म्हणजे तिकडे वस्ती, आपली आळी. यजमानीणबाई शकुंतलाबाई, सगळ्यांच्या शकूमावशी. सासरे वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. मावशींनी दारातच माझी पिशवी ओढून घेतली.

"या बाई. मागच्या घरच्या प्रमिलानं सांगतलं मले, नगरच्या बाई येऊन राहिल्या, त्याइले भात चालत नाही. मी म्हटलं, काहून नाही चालत? दोन दिवसांत चालन!"

त्यांची सून सीमा मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. सासू विदर्भात बोलायची, सून छत्तीसगडात, आणि भांडण दोघींना नीट कळायचं. मी मध्ये बसून नगरचं मराठी बोलले की दोघी माझ्याकडे आकाशवाणी लागल्यासारख्या बघायच्या.

सकाळी तांदळाचा चीला म्हणजे आपलं घावन, दुपारी भात, रात्री भात. एका सकाळी मावशींनी रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कांदा आणि टोमॅटोची चटणी घालून माझ्यासमोर ठेवला. याला बासी म्हणतात. आमच्याकडे शिळ्या भाताला फोडणी तरी मिळते. मी भीतभीत एक घास खाल्ला, मग वाटी संपवली, मग आणखी मागितली. चैत्राच्या त्या उन्हात एवढं थंड पोटात गेल्यावर माणसाला आपल्या गावाचा अभिमान थोडा बाजूला ठेवता येतो.

प्रमिलादीदींचं घर

मावशींच्या मागच्या ओळीत प्रमिला दास राहायच्या. सगळे त्यांना प्रमिलादीदी म्हणायचे. एका दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, एकट्या, आणि एक वाक्य पुरेल तिथे अर्धं वापरणाऱ्या. या बायकांचं काम त्यांच्यामुळे उभं राहिलं होतं. आमच्याकडे काम उभं राहतं तेव्हा आधी फलक उभा राहतो. इथे फलक नव्हता. काम म्हणजे काय, असं मी विचारलं तर दीदी म्हणाल्या, "बैठते हैं."

हे अक्षरशः खरं होतं. एखाद्या मुलाला मार बसला, कुणी वाईट वागलं, आणि प्रकरण ठाण्यात किंवा कचेरीत गेलं की चार-पाच बायका डबे आणि विणकाम घेऊन तिथे जायच्या आणि त्या मुलाजवळ बसायच्या. घोषणा नाहीत, निवेदन नाही. हवालदाराला नावाने नमस्कार करायचा आणि त्याच्या आईची तब्येत विचारायची. संध्याकाळपर्यंत बायका उठल्या नाहीत की साहेब आपणहून कागद पुढे सरकवायचा. मुलाला काय बोलायचं ते शिकवायचं नाही, हा पहिला नियम. त्याला खोदून विचारायचं नाही, हा दुसरा. मी मास्तरीण असल्यामुळे हे दोन्ही नियम मला फार जड गेले.

त्या वेळी दीदींच्या घरी केंवरा होती. नऊ-दहा वर्षांची, बारकी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. डावा हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नव्हता. बाप वारलेला, आई वीटभट्टीच्या कामाला लांब कुठेतरी गेली ती आलीच नाही. अभनपूरच्या पुढे एका गावात काकाकडे ती राहायची. काकाला तिकडे कका म्हणतात. हात मोडल्यावर बऱ्याच दिवसांनी ककाने तिला दवाखान्यात आणलं आणि झाडावरून पडली म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला आणि म्हणाले, पडून असा मोडत नाही, हा पिळलेला आहे. तिथून गोष्ट मुलांसाठीच्या सरकारी समितीकडे गेली आणि समितीने निकाल होईपर्यंत केंवराला प्रमिलादीदींकडे ठेवलं. आता येत्या बुधवारी समिती ठरवणार होती, की ती दीदींकडे राहणार की ककाकडे परत जाणार.

इतकी वर्षं शाळेत काढूनही माझी अशी समजूत होती की मार खाल्लेलं मूल गप्प असतं. केंवरा पहाटे डोळे उघडल्यापासून बोलायची. विषय मुख्यतः बकऱ्या. चितकबरी, ललिया आणि दरोगा नावाचा बोकड. दरोगा कुणाचंच ऐकत नाही. चितकबरी गाभण आहे. ललिया मंदिरातला नारळ घेऊन पळाली होती. नारळाचं पुढे काय झालं हे ऐकायला रस्त्याने जाणारा पोस्टमनही थांबलेला मी पाहिला आहे.

हाताबद्दलही ती बोलायची, पण प्रत्येकाला वेगळं. शकूमावशींना तिने सांगितलं होतं की म्हशीने शिंग मारलं. सीमाला सांगितलं, सायकलवरून पडले. मी नियम मोडून हळूच विचारलं तर मला सांगितलं की वीज पडली. विजेचा आवाज तोंडाने काढून दाखवला. मी रात्री दीदींना म्हटलं, ही समितीसमोर काय सांगणार? त्या म्हणाल्या, "जो उसका मन." मला त्यांचा रागच आला. मुलीचं उभं आयुष्य टांगलेलं आणि या मनाच्या गोष्टी करतायत!

त्या घरातली आणखी एक तऱ्हा मला दुसऱ्या दिवशी जेवताना कळली. ताटं वाढली आणि सगळे नुसते बसून राहिले. डोळे उघडे, हात मांडीवर, कुणी बोलेना, कुणी जेवेना. मग एकदम जेवायला लागले. केंवराने मला समजावलं की इथली माणसं भात निवेपर्यंत थांबतात. वास्तविक ती जेवणाआधीची प्रार्थना होती. मुलीवर आपल्या धर्माची छाप पडू नये म्हणून दीदी ती डोळे उघडे ठेवून मनात म्हणायच्या. भिंतीवरचं बायबलचं वचन काढून तिथे खताच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं होतं. चौकोनी खूण मात्र कॅलेंडरपेक्षा मोठी होती, ती चारी बाजूंनी दिसायची.

कारण असं होतं. पूर्वी एक मुलगा असाच बायकांकडे होता. कुणीतरी त्याला नाताळात नवा सदरा दिला आणि ताऱ्याखाली उभं करून फोटो काढला. तो फोटो घेऊन घरचे आले, की आमच्या पोराला बाटवलं. गलका झाला आणि पोरगा घरी परत गेला. त्याचं पुढे काय झालं ते दीदींनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांनी ज्या तऱ्हेने भांडं उचलून आत नेलं त्यावरून विचारायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून हे नियम. आणि एवढ्यावर न थांबता दीदींनी शकूमावशींना गळ घालून केंवराला दर मंगळवारी ब्राह्मणपाऱ्यातल्या हनुमानाच्या देवळात न्यायला लावलं होतं.

"मी कधी जात होती का मंगळवारी?" मावशी मला म्हणाल्या. "हिच्यापायी जाऊन राहिली. आता तो पुजारी मले म्हणते, माताजी, आपकी बड़ी श्रद्धा है. काय सांगू त्याले, एका इसाई बाईनं धाडलं म्हणून?"

चर्चबाहेर

रविवारी आम्ही चर्चला निघालो. केंवराही बरोबर होती, कारण तिला एकटी घरी ठेवता येत नव्हतं. चर्च जुनं, बैठं, लाल कौलांचं, आणि अंगणात एक अवाढव्य चिंच. फाटकातून आत गेल्यावर सगळे दाराकडे वळले आणि दीदी केंवराला घेऊन चिंचेखाली गेल्या. तिथे चटई पसरली, पाण्याची बाटली ठेवली आणि दोघी बसल्या. आत उपासना सुरू झाली.

हाही नियमच होता. सांभाळायला घेतलेलं मूल चर्चमध्ये न्यायचं नाही. त्याच्याबरोबर कुणीतरी बाहेर बसायचं. खरं तर प्रत्येक बाईने एकेक रविवार वाटून घेतला होता. पण केंवरा दीदींना सोडून राहत नसे, म्हणून सगळे रविवार दीदींकडे आले.

मी आत बसले होते, पण माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. आमच्या घरात बाहेर बसण्याला इतिहास आहे. माझे आजोबा गावच्या शाळेच्या ओट्याखाली बसून आतले पाढे ऐकायचे. त्यांना पहिल्यांदा चटईवर आत बसवलं ते मिशनच्या शाळेत. आमचं घराणं ख्रिस्ती झालं त्यामागे पुष्कळ थोर कारणं सांगतात. माझ्या वडिलांच्या मते मुख्य कारण बसायला जागा मिळाली हे होतं. आणि आता त्याच चर्चच्या बाहेर एक पोरगी बसलेली, आत ढोलक वाजतंय, पोरं टाळ्या वाजवतायत, आणि ती मान लांब करून दारातून दिसतं तेवढं बघतेय. मला ते रुचलं नाही.

उपासनेनंतर दीदींना तसं म्हटलं, आजोबांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपके घर में दूसरों ने बाहर बिठाया था. यहाँ हम साथ बैठते हैं."

एक गोष्ट मी पाहिली होती. आत गीत चाललं की बाहेर दीदींचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. मुलीच्या कानावर पडू नये म्हणून त्या आपली गीतंही गिळत होत्या.

अभनपूरच्या पुढे

सोमवारी दीदी म्हणाल्या, चला, ककाला बुधवारची आठवण करून देऊन येऊ. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्याने हात मोडला त्याला आपण निमंत्रण द्यायला जायचं? तर हो. तो आला नाही तर त्याची बाजू ऐकली नाही असं होईल, आणि ते बरोबर नाही.

अभनपूर बाजाराचं गाव आहे. बसमध्ये माझ्या पायाशी कुणीतरी मिरच्यांचं पोतं ठेवलं आणि मी उतरेपर्यंत शिंकत होते. उतरताना एक चप्पल पोत्याखाली राहिली. बस गेली. बाजारात नवी जोडी घेईपर्यंत मी एका चपलेवर राजधानीच्या परिसरात हिंडले. दुकानदार मला "माताजी, एक ही पैर की चाहिए?" असं अगदी मनापासून विचारत होता.

तिथून आम्ही ककाच्या गावी गेलो. दार उघडलं ते एका मध्यम उंचीच्या, स्वच्छ सदरा घातलेल्या माणसाने. त्याने हात जोडले. खाटेवर चादर अंथरली, बायकोला पाणी आणायला सांगितलं, उन्हातून आलात म्हणून हळहळला. मला त्याच्यात काहीतरी दिसावं अशी माझी फार इच्छा होती. काही दिसलं नाही. आमच्या शाळेत पालक म्हणून आला असता तर मी त्याला पुढच्या रांगेत बसवलं असतं.

"आहूं दीदी, बुधवार के आहूं," तो म्हणाला. येणार, नक्की येणार. मग अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला, "छेरी मन ओखर बिना चरे नइ." बकऱ्या तिच्याशिवाय चरत नाहीत. हे सांगताना त्याच्या आवाजात खरोखर दुःख होतं.

बायकोने पाणी दिलं, मान वर केली नाही. आम्ही निघालो तेव्हा वळणापर्यंत मागून आली आणि एक गाठोडं दीदींच्या हातात दिलं. केंवराचे दोन फ्रॉक. देताना इतक्या हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली की मला वाटलं, बसचा थांबा सांगते आहे.

बसमध्ये मी विचारलं, काय म्हणाली?

"बोली, झन भेजहू. मत भेजना."

मी उडालेच. म्हटलं, झालं तर मग! समितीला हेच सांगा. घरातलीच बाई सांगते आहे.

दीदी गाठोडं मांडीवर ठेवून बाहेर बघत होत्या. "नहीं बोलूँगी. काकी को तो वहीं रहना है."

रायपूरपर्यंत मी नव्या चपलांकडे बघत बसले. त्या चावत होत्या.

बुधवार

समितीचं कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीत होतं. पाटीवर "मध्य प्रदेश" पुसून "छत्तीसगढ़" लिहिलं होतं, पण घाईत रंगाचा एकच हात दिलेला असल्यामुळे जुनी अक्षरं खालून डोकावत होती. खुर्च्या यायच्या होत्या. होती ती खुर्ची अध्यक्षबाईंना दिली होती, बाकीचे सदस्य बाकावर. अध्यक्षबाई चेहऱ्याने दमलेल्या आणि बोलायला नीट होत्या. आम्ही दीदी, त्यांच्या चर्चचे पादरीसाहेब, शकूमावशी, मी आणि डबे घेतलेल्या तीन बायका. समोर कका आणि गावचे दोघे.

सकाळी वेणी घालताना केंवराने दीदींना एकच विचारलं होतं: चितकबरी व्याली असेल का? दीदींचा कंगवा थांबला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या बाईलाही भीती वाटते. मुलीला काही शिकवायचं नव्हतं, आणि मुलीचा जीव बकऱ्यांत होता.

ककाने ते बरोबर ओळखलं होतं. तिला पाहिल्याबरोबर तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "तोर छेरी मन तोला खोजथें बेटी." तुझ्या बकऱ्या तुला शोधतायत.

"चितकबरी बियाइस का?" केंवराचे डोळे लकाकले.

"हव. दू ठन."

दोन पिल्लं. मी दीदींकडे बघितलं नाही.

मग कका उभा राहून बोलला. गरीब माणूस आहे, भावाची पोर आहे, झाडावरून पडली, मी दवाखान्यात नेलं. आता हे इसाई लोक तिला आपल्यात घेतायत. बाकावरचे एक सदस्य सावरून बसले.

शकूमावशी याच क्षणासाठी नवी साडी नेसून आल्या होत्या. "मॅडम, मैं हर मंगलवार इसको मंदिर ले जाती. मैं खुद ले जाती. प्रसाद खिलाती. ये प्रमिला ने ही बोला मेरे को, के ले जाओ. पुजारी को पूछ लो!"

अध्यक्षबाईंचा चेहरा निवळला. दीदींच्या सगळ्या खबरदारीचं चीज होणार असं दिसत होतं. बाईंनी मुलीला जवळ घेतलं आणि नुसतं खात्री करून घ्यावी तसं विचारलं, "बेटा, ये लोग तुमको गिरजाघर ले जाते हैं?"

"हव."

"वहाँ क्या करते हो?"

"मोला भीतरी नइ जावन देवँय," केंवरा म्हणाली. "बाहिर बइठारथें."

आत जाऊ देत नाहीत. बाहेर बसवतात.

तिने आणखी भर घातली: आत ढोलक आहे, लाडू देतात, सगळी मुलं आत असतात, फक्त मी बाहेर. इतके दिवस साठलेलं होतं ते.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बाहर बिठाते हैं? बच्ची को? क्यों?" आणि मग हळू आवाजात, "किस जात की है ये?"

खरं उत्तर असं होतं की तुम्हीच उद्या आमच्यावर आळ घ्याल म्हणून. ते समितीच्या अध्यक्षांच्या तोंडावर कसं म्हणायचं? पादरीसाहेबांनी एक लांब वाक्य सुरू केलं, त्यात "भारतीय संविधान" दोनदा आलं, वाक्य मात्र संपलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा ओटा होता. मला ओरडावंसं वाटत होतं की तसं नाही हो, तसं नाही, पण जे तिथे मला वाईट वाटलं होतं तेच या बाईंना वाटत होतं. काय सांगणार?

"जिस घर में बच्ची को दरवाज़े पर रखते हैं..." बाई म्हणू लागल्या.

ककाने संधी घेतली. अगदी मायेने पुढे झाला. "चल बेटी, घर चल. छेरी मन देखत होहीं." आणि त्याने तिचा हात धरला. डावा.

केंवरा मागे सरकली नाही, रडली नाही. त्या धरलेल्या हाताकडे बघत राहिली. मग अध्यक्षबाईंकडे वळून, काहीतरी सांगायचं राहिलं होतं अशा सुरात म्हणाली, "दीदी घलो बाहिर बइठथे. मोर संग. रोज के."

दीदीपण बाहेर बसते. माझ्याबरोबर. नेहमी.

आणि त्याच दमात, बकऱ्यांबद्दल बोलताना असायचा त्याच आवाजात: "रूख ले नइ गिरे हंव. हाथ ला कका टोरे हे. दरोगा भाग गे रिहिस त."

झाडावरून पडले नाही. हात ककाने मोडला. दरोगा पळून गेला होता म्हणून.

ककाने हात सोडला. ते इतकं पटकन सोडणं खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी पदर शोधत राहिले. शकूमावशींनी मला त्यांचा दिला.

झावळ्यांचा रविवार

समितीने पुढच्या तारखेपर्यंत केंवराला दीदींकडेच ठेवलं आणि ककाचं प्रकरण पोलिसांकडे पाठवलं. पुढची तारीख आहे, म्हणजे गोष्ट संपलेली नाही. दोन्ही पिल्लांची नावं केंवराने लगेच ठेवली, ती तिने अजून पाहिलेलीही नाहीत. निघताना अध्यक्षबाई दीदींना म्हणाल्या, बाहेर का बसवता ते आता माझ्या लक्षात आलं, पण मुलीला बाहेर बसवू नका. आदेशातही ते लिहिलं.

शनिवारी चर्चमध्ये यावर बैठक झाली. बैठका आमच्याकडेच लांबतात असा माझा समज होता, तो गेला. आत न्यावं तर ककाची माणसं फोटो काढायला टपलेली. बाहेर बसवावं तर सरकारी आदेशाचा भंग. एकजण म्हणाला दारात बसवा, म्हणजे अर्धी आत, अर्धी बाहेर. हा विचार बराच वेळ गंभीरपणे चालला.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. आमच्याकडे त्या दिवशी नारळाच्या झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. तिकडे छिंदाच्या काढतात, शिंदीच्याच जातीचं झाड, पानं टोचतात. चर्चभोवती फेरी घालून मिरवणूक दाराशी आली. नेहमी पादरीसाहेब पुढे आणि सगळे मागे आत शिरतात. त्या दिवशी ते उंबऱ्याशी वळून उभे राहिले आणि म्हणाले, "आज यहीं तक."

मग चटया बाहेर आल्या. पेटी बाहेर आली, ढोलक आलं, लाडवांचं पातेलं आलं. एक म्हातारे गृहस्थ ऐकायला कमी येत असल्यामुळे सवयीने आत जाऊन आपल्या बाकावर बसले होते, त्यांना समजावून बाहेर आणावं लागलं. चिंचेखाली सगळी मंडळी उभी, कुठे बसावं कुणाला कळेना. तिथली माहीतगार एकच होती.

"इहां बइठव," केंवरा सांगू लागली. "उहां झन बइठव, चाँटी हे. छइंहा एती आही." तिथे मुंग्या आहेत. सावली थोड्या वेळाने इकडे येईल. पादरीसाहेबांनाही तिने उठवून दुसरीकडे बसवलं. सावली खरंच तिकडे आली.

सगळे बसल्यावर ती उठली आणि चर्चच्या उघड्या दाराशी गेली. कुणी अडवलं नाही, कुणाला ते सुचलंच नाही. आत कुणी नव्हतं. ती आत गेली, मधल्या वाटेने शेवटपर्यंत चालत गेली, इकडेतिकडे बघितलं, आणि परत येऊन दीदींच्या शेजारी बसली.

"भीतरी कुछू नइ हे दीदी," तिने सांगितलं. "पंखा हे. वोहू बंद हे." आत काहीच नाही. पंखा आहे, तोही बंद.

गीत सुरू झालं. प्रमिलादीदी त्या दिवशी मोठ्याने गात होत्या. आवाज फारसा चांगला नव्हता, आणि बरेच दिवस वापरात नसल्यामुळे वरच्या सुराला चिरकत होता. केंवराने त्यांच्या बाजूचा कान डाव्या हाताने झाकून घेतला. तो हात कानापर्यंत आयता पोचतो. दुसरा कान तिने उघडा ठेवला, आणि दीदींना तशीच टेकून बसली.